खुणेचा प्रश्न

दाजी : तुमचा आवाज मी दारातच ओळखला, मॅडम. तुम्ही 'बसा काका' म्हणालात आणि मला परत फिरावंसं वाटलं.

मॅडम : मीही ओळखला तुमचा.

दाजी : ओळखणारच. काय काय बोललो मी तुम्हाला फोनवर.

मॅडम : फार काही नाही. 'चांगल्या घरची वाटतेस, हा धंदा सोड,' एवढंच म्हणालात.

दाजी : नका हो लाज काढू.

मॅडम : पाणी घ्या आधी.

दाजी : पाणी राहू द्या. आमची मंडळी पलीकडच्या खिडकीवर फोटो आणि अंगठा द्यायला गेलीय. किती वेळ लागेल तिला?

मॅडम : दहा-पंधरा मिनिटं. पुढे चार माणसं आहेत.

दाजी : मग तेवढ्यात माझं ऐकून घ्या. तिला यातलं काही माहीत नाही.

मॅडम : कशातलं?

दाजी : तुम्ही फोन केले होते, यातलं. तिला वाटतं, तिचा भाऊ, आमचा बारक्या, आजारी पडला आणि दोन दिवसांत गेला. कुणाला कळवायलाही सवड मिळाली नाही. आमच्या गावच्या ठाण्यातला हवालदार दारात आला, तेव्हाच कळलं, असं ती धरून चाललीय. मी ते तसंच राहू दिलंय.

मॅडम : काका, ते नऊ दिवस हॉस्पिटलात होते.

दाजी : मला ठाऊक आहे. हवालदारानं तारीख सांगितली तेव्हाच मी मनात हिशोब केला. तो कागद वाचत होता आणि मी भिंतीला टेकलो. ती म्हणाली, यांना चक्कर आली, यांनाच बारक्याचा फार लळा होता. होताच म्हणा. माझ्या लग्नात नऊ वर्षांचा होता. वरातीत माझ्या मांडीवर बसून झोपला होता.

मॅडम : तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत.

दाजी : मुद्दाम नाही, पण मीच केलं ना. अहो, तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली मी. विनातिकीट माणूस चढतानाच ओळखायचो, खिशाला हात कसा लावतो यावरून. सगळ्या डेपोत माझं नाव होतं. आणि खरं तिकीट घेतलेल्या माणसाला मी भर रस्त्यात उतरवून दिलं.

मॅडम : खोटे फोन येतात, काका. आमच्या वकिलातीचं नाव घेऊन येतात. आम्हीच लोकांना सांगतो, खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

दाजी : तीन वर्षांपूर्वी आम्हालाही आला होता. अगदी हेच शब्द. 'मी वकिलातीतून बोलतोय, तुमचा भाऊ हॉस्पिटलात आहे.' मी तेव्हा ड्यूटीवर होतो. हिनं हातातल्या बांगड्या मोडल्या आणि त्या चोराच्या घशात घातल्या. आणि बारक्या कुठे, तर इथे लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरी इस्त्री करत होता. संध्याकाळी त्याचा फोन आला, 'ताई, जेवलीस का?' ही रडायलाच लागली. त्यानंतर ती महिनाभर नीट जेवली नाही. बांगड्यांचं दुःख नव्हतं हो, लाज वाटायची तिला. फोन तिनं माझ्या हातात दिला तो कायमचा. आजही वाजला की दचकते.

मॅडम : म्हणून नोंदणीत तुमचा नंबर होता.

दाजी : म्हणून माझा. आणि तो खुणेचा प्रश्नही तेव्हाचाच. बारक्यानंच ठरवला. म्हणाला, 'ताई, यापुढे कुणीही माझं नाव घेऊन फोन केला तर विचार, लहानपणी मी हरवलो होतो तेव्हा कुठे सापडलो. घरचं माणूसच सांगू शकेल.'

मॅडम : मला पहिल्या फोनला वाटलं, तुम्ही माझी थट्टा करताय. पेशंट ऑक्सिजनवर आहे, आणि हा माणूस मला कोडी घालतोय.

दाजी : त्याच्या मोबाइलवर लावून बघितला मी. बंद होता. पण ड्यूटीवर तो बंदच असायचा, लॉकरमध्ये ठेवावा लागतो म्हणायचा.

मॅडम : लॉकरमध्येच राहिला होता. कामावरच कोसळले ते. ॲम्ब्युलन्सनं आणलं तेव्हा अंगावर ॲप्रन होता आणि खिशात कपड्याला लावायच्या दोन पिना. कंपनीकडे घरचा नंबर नाही. आमच्या नोंदणीत शोधला, तर तुमचा मिळाला. इथे मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून फाईल माझ्याकडे आली. तुम्ही फोन घेईनात, तेव्हा मी पोलिसांमार्फत पत्रही पाठवलं. जिल्ह्याला गेलं, तिथून तुमच्या ठाण्याला.

दाजी : आणि तोवर तो गेला. मॅडम, एकच मागणं आहे. फाईलमधून त्या फोनचं पान काढून टाका. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. आणि बघू पण नये तिनं, पण मला या वयात ते सोसायचं नाही.

मॅडम : पान काढता येत नाही. प्रत्येक पानावर नंबर असतो.

दाजी : मग तळाला घाला. तिला इंग्रजी येत नाही. 'इथे सही कर' म्हटलं की करेल. तुम्ही फक्त तोंडानं काही बोलू नका.

मॅडम : मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही.

दाजी : ती कशाला विचारतेय. आली बघा. ये गं, बस इथे, ही खुर्ची हलत नाही.

ताई : चार वेळा घेतला अंगठा. त्या यंत्राला रेषाच सापडेनात.

दाजी : त्याला वाटलं असेल, बाई खरी की खोटी.

ताई : सुईनं झिजलाय म्हटलं अंगठा. त्यांना कळलं नाही, पण हसले बिचारे. तुमचा चेहरा का उतरलाय?

दाजी : विमानाचा त्रास. कान अजून बंद आहेत.

मॅडम : ताई, आता फार काही राहिलेलं नाही. उद्या सकाळी हॉस्पिटलात ओळख पटवायची. मी बरोबर येईन. परवा दुपारचं विमान आहे, पेटी त्याच विमानानं जाईल. तिथे उतरल्यावर गाडी तयार असेल, ते मी बोलून ठेवलंय.

ताई : आत्ता कुठे आहे तो?

मॅडम : हॉस्पिटलच्या शवागारात.

ताई : गार असतं ना फार तिथे?

मॅडम : हो.

ताई : लॉन्ड्रीत फार उकडतं म्हणायचा. वाफेनं डोळे चुरचुरतात. मी म्हणायची, मग ये परत, इथे कोणी अडवलंय. तर म्हणायचा, पुढच्या वर्षी.

दाजी : 'पुढच्या वर्षी' हे त्याचं स्टॉपचं नावच होतं. गाडी कधी पोचलीच नाही तिथे.

ताई : हे काय, त्याचा पासपोर्ट?

मॅडम : हो. रद्द करून तुम्हाला परत द्यायचा असतो. शिक्का मारलाय. आता कोपरा कापायचा.

ताई : कापायचा?

मॅडम : पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. नियमच आहे.

ताई : असा नका कापू, फोटोला लागेल. थांबा. ही कातर बोथट आहे हो तुमची. अशानं कागद चुरगळतो. माझ्याकडे द्या.

मॅडम : खरं तर मलाच कापावा लागतो.

ताई : तुमच्यासमोरच कापते. किती घ्यायचा?

मॅडम : बोटाच्या पेराएवढा.

ताई : हं. हा घ्या तुकडा. केस कसे चापून बसवलेत बघा फोटोत. मीच सांगितलं होतं, परदेशात जातोस, माणसात दिसायला हवास.

मॅडम : छान आहे फोटो.

ताई : छान होताच तो. बरं, आता सही कुठे करायची?

मॅडम : प्रत्येक पानाखाली, ताई. वाचून करा. काही विचारायचं असलं तर विचारा.

दाजी : वाचायचं काय त्यात? सगळं इंग्रजी. कर सही, मोकळे होऊ. मॅडमना बाकीची कामं असतील.

ताई : थांबा हो. माप न बघता मी कापडाला कातर लावत नाही, आणि हे तर माझ्या भावाचं आहे. मॅडम, एक विचारू? तुम्ही मला मघापासून ताई म्हणताय. यांना काका, आणि मला ताई.

मॅडम : चुकलंच. काकू म्हणायला हवं. सवय झाली.

ताई : कसली सवय? आपण आजच भेटतोय.

दाजी : अगं, इथे सगळ्यांनाच ताई म्हणत असतील.

ताई : त्यांना विचारतेय मी.

मॅडम : तुम्ही पानं बघून घ्या. मग बोलू आपण.

ताई : हे पान कसलं? इथे तारखा आहेत.

दाजी : असेल काहीतरी ऑफिसचं.

ताई : सोळा. सतरा. सतरा. अठरा. आणि पुढे प्रत्येकाला एकच फोन नंबर. अहो, हा तुमचा नंबर आहे.

दाजी : नोंदणीत दिलेला होता ना, म्हणून लिहिलाय.

ताई : चार वेळा? इंग्रजी येत नसलं तरी आकडे येतात मला. जन्मभर टेपवरचे आकडेच वाचलेत. बारक्या गेला बावीसला. हे सोळा-सतरा काय आहे, मॅडम?

मॅडम : त्या दिवशी मी तुमच्या घरी फोन केले होते.

ताई : कशासाठी?

मॅडम : ते हॉस्पिटलात आहेत, हे सांगायला.

ताई : म्हणजे सोळाला तो होता?

मॅडम : होते, ताई. चौदाला दाखल केलं. न्यूमोनिया झाला होता.

ताई : बोलत होता?

मॅडम : तोंडावर मास्क होता. तो जरा बाजूला केला की थोडं बोलायचे.

ताई : अहो.

दाजी : आले होते फोन. मीच घेतले.

ताई : चारही?

दाजी : तीन. चौथा लागला नसेल. तिसऱ्यानंतर मी नंबर बंद करून टाकला.

ताई : मी कुठे होते तेव्हा?

दाजी : आतच होतीस. शाळेच्या गणवेशांचं काम चाललं होतं. मशीन चालू होतं तुझं. मी ओट्यावर जाऊन बोललो, तुझ्या कानावर जायला नको म्हणून.

ताई : ओट्यापासून माझ्या मशीनपर्यंत किती पावलं आहेत हो?

दाजी : असतील सात-आठ.

ताई : सात आहेत. सात पावलं येऊन मला विचारायचं नाहीत?

दाजी : मागच्या वेळचं आठव. काय अवस्था झाली होती तुझी. डोळ्यांदेखत अर्धी झालीस. मला वाटलं, पुन्हा तोच चोर आलाय, आणि या वेळी मी मध्ये उभा आहे. अगं, मला अभिमान वाटला होता त्या दिवशी. फोन ठेवून मी स्वतःसाठी चहा करून घेतला.

ताई : त्या रविवारी त्याचा फोन आला नाही. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, जादा ड्यूटी असेल.

दाजी : मला तसंच वाटलं. शपथेवर सांगतो, तेव्हा तसंच वाटलं होतं.

ताई : आणि हवालदार आला तेव्हा?

दाजी : तेव्हा कळलं.

ताई : त्याला वीस दिवस झाले. वीस दिवस तुम्ही माझ्या शेजारी जेवलात.

दाजी : जेवलो नाही गं. ताटात फिरवत होतो. तुझं लक्ष नव्हतं, आणि बरंच होतं ते.

ताई : खुणेचा प्रश्न विचारला होतात?

दाजी : पहिल्याच फोनला. ठरल्याप्रमाणे. मॅडमना तेव्हा देता आलं नाही उत्तर.

ताई : आणि नंतर?

दाजी : दुसऱ्या दिवशी यांनी पुन्हा फोन केला आणि उत्तर सांगितलं. पण ते चुकीचं निघालं. म्हणून तर माझी खात्री पटली ना, की हे लबाडाचं काम आहे. खरं उत्तर आलं असतं तर मी अनवाणी धावत आलो असतो तुझ्याकडे.

ताई : काय उत्तर आलं?

दाजी : सांगा, मॅडम. तुम्हीच सांगा.

मॅडम : मी सतराला ऑफिस सुटल्यावर हॉस्पिटलात गेले. त्यांना म्हटलं, तुमचे दाजी विचारतायत, लहानपणी हरवला होतात तेव्हा कुठे सापडलात. ते हसले. मास्क काढून दोनदा सांगितलं. मी त्यांच्या उशाशी उभी राहूनच फोन लावला.

ताई : काय सांगितलं?

मॅडम : शिलाई मशीनखाली.

दाजी : ऐकलंस? टाकी राहिली बाजूला आणि म्हणे मशीनखाली. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तो पाण्याच्या टाकीवर सापडला होता. लग्न ठरलं तेव्हा तुझ्या मामांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच. सहा-सात वर्षांचा पोरगा एवढ्या उंच टाकीच्या कठड्यावर पाय सोडून बसला होता, आणि तू त्याला खाली आणलंस. अगं, तू बोलत का नाहीस? तापात बरळला असेल ना? रोज रात्री मी हेच घोळवतो. त्याला दुसरं काही म्हणायचं होतं का? मला तर टाकीच ठाऊक होती. माझं काही चुकलं का गं?

ताई : पाणी द्या, मॅडम.

मॅडम : घ्या. सावकाश.

दाजी : बोल ना. काय ते एकदा बोल. आता तूच सांगशील ते खरं.

ताई : टाकीवरच सापडला होता.

दाजी : नक्की?

ताई : मीच शोधला ना त्याला. मला नाही माहीत तर कुणाला असेल?

दाजी : म्हणजे मी बरोबर होतो?

ताई : तुम्ही बरोबर विचारलंत आणि उत्तरही बरोबर धरून बसलात. तापाचं बोलणं होतं ते. माझ्या मशीनशी खेळायचा लहानपणी, तेच डोक्यात आलं असेल. कुणालाही फसवल्यासारखंच वाटलं असतं. मी असते तरी फोन ठेवलाच असता.

दाजी : खरं म्हणतेस?

ताई : पण मला सांगायला हवं होतंत. हवालदार आला त्या दिवशी सांगायला हवं होतं. याचा राग आहे मला, आणि तो लवकर जायचा नाही.

दाजी : नको जाऊ दे. हवा तितका राग ठेव. बापरे. मॅडम, वीस दिवस माझ्या छातीवर धोंडा होता हो. मला वाटायचं, उत्तरच बरोबर असलं तर.

ताई : पुसा डोळे. आणि या पासपोर्टची झेरॉक्स लागणार असेल ना, मॅडम?

मॅडम : लागेल. दोन प्रती. आमचं यंत्र बिघडलंय. रस्ता ओलांडला की समोर दुकान आहे, हिरव्या पाटीचं.

ताई : जाऊन या. तोंडावर पाणी मारा आधी.

दाजी : जातो. आता कुठेही धाड, जातो.

(दाजी पासपोर्ट घेऊन बाहेर जातात. त्यांच्यामागे दार आपोआप लागतं.)

मॅडम : ताई, मी तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. ते शुद्धीवर होते. बरळत नव्हते.

ताई : मला माहीत आहे.

मॅडम : दोनदा विचारून घेतलं मी. तेच म्हणाले.

ताई : बरोबर सांगितलं त्यानं. मशीनखालीच होता तो.

मॅडम : आणि टाकी?

ताई : टाकी माझी. मी रचलेली. सात वर्षांचा होता. आई नव्हतीच आम्हाला, बाबा शिंपी. एका गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड होतं, भारीतलं. यानं खेळता खेळता त्याच्या मधोमध कातर चालवली. बाबांचा हात फार जड होता. ते वेताची काठी घेऊन गल्लीभर शोधत होते, आणि हा माझ्या मशीनखाली, पायट्याजवळ. मी वरून पडद्याचं कापड सोडलं होतं. त्यानं माझा पाय धरून ठेवला होता दोन्ही हातांनी, म्हणून मला पायटा मारता येईना. मशीन थांबलं तर बाबा आत येतील. मग मी हातानं चाक फिरवत बसले. तीन तास. खांदा सुजला होता दुसऱ्या दिवशी.

मॅडम : मग टाकीवर कशाला म्हणालात?

ताई : बाबांनी मारू नये म्हणून. अंधार पडायच्या आत त्याला मागच्या दारानं काढला आणि पुढून घेऊन आले. म्हटलं, टाकीच्या कठड्यावर बसला होता, खाली बघत. बाबांच्या हातातली काठी गळून पडली. त्या रात्री त्याला कुशीत घेऊन झोपले ते. पुन्हा कधी हात लावला नाही त्याला. खोटं फळाला आलं म्हणून आम्ही दोघांनी ते तसंच ठेवलं. गावानं वाढवलं. आमच्या दोघांतच राहिली ती गोष्ट.

मॅडम : काकांनाही नाही सांगितलं?

ताई : लग्नात ते टाकीची गोष्ट ऐकून एवढे हसले, म्हटलं राहू दे. बारक्यानं प्रश्न ठरवला तो मला विचारायला. टाकी सगळ्यांना ठाऊक, मशीन फक्त मला. हुशारीनं ठरवला होता त्यानं. आणि मी फोनच सोडून दिला. यांच्या हातात फोन दिला तेव्हा खरं उत्तरही द्यायला हवं होतं ना? मला सुचलंच नाही. तीन वर्षं सुचलं नाही. माझ्या भावानं अगदी बरोबर उत्तर दिलं, मॅडम, आणि माझ्या घरानं त्याला चूक म्हटलं.

मॅडम : ताई, तुमचा दोष नाही.

ताई : असं नका म्हणू. माझा आहे, यांचाही आहे. आत्ता यांच्याकडे बघितलं तरी अंगाची आग होते माझ्या. पण या माणसाला कळलं की उत्तर बरोबर होतं, तर तो जगायचा नाही. मी दोन माणसांना घरी घेऊन चाललेय. एक पेटीत आहे. दुसरा तरी चालत यायला हवा.

मॅडम : मी बोलणार नाही.

ताई : त्यानं आणखी काय सांगितलं मशीनचं?

मॅडम : 'ताईचा पाय धरून बसलो होतो,' म्हणाले. ते मी फोनवर सांगायच्या आत काकांनी फोन ठेवला.

ताई : त्याला कळलं का, यांनी फोन ठेवला ते?

मॅडम : नाही. माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, बोलणं झालं. ताई निघाल्यात.

ताई : तुम्ही सांगितलंत असं?

मॅडम : मला माफ करा. तसं सांगायला नको होतं. पण त्यांचा चेहरा बघून दुसरं काही तोंडातून निघेना. मग पाच दिवस रोज जात होते, ऑफिस सुटल्यावर. रोज विचारायचे, ताई कुठवर आली. मी सांगायचे, कागद झाले, तिकीट झालं. शेवटच्या दिवशी सांगितलं, विमानात बसल्या.

ताई : मग काय म्हणाला?

मॅडम : म्हणाले, 'ती घाबरेल विमानात. दाजींना बरोबर घ्यायला सांगा.'

ताई : घेतलं की. घेऊन आले.

मॅडम : ताई, सावकाश. हा रुमाल घ्या.

ताई : बरं केलंत तुम्ही. खोटं बोललात ते बरं केलंत. माझी वाट बघत गेला तो. आमच्या घरानं फोन ठेवला, हे कळून तो गेला नाही. कुठे सही करायची त्या पानावर?

मॅडम : इथे. तारखांच्या खाली.

ताई : पेन नीट चालत नाही तुमचं. हं. चाललं.

मॅडम : काका आले.

दाजी : मिळाल्या झेरॉक्स. चांगला निघाला दुकानदार, फोटो बघून म्हणाला, भाऊ का? मी म्हटलं, मेहुणा, पण मुलासारखा. काय गं, रडलीस? काय बोलत होतात?

ताई : काही नाही. बारक्या हरवला होता, ते सांगत होते यांना.

दाजी : सांगितलंस का सगळं? कसा सापडला ते?

मॅडम : हो, काका. टाकीवर सापडले, म्हणाल्या.